सुर्जी-अंजनगावचा दुसरा तह

"काकाजी, ओटीपी सांगा. मोठ्यानं सांगा जी, पंख्याच्या आवाजात काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं!"

काकाजींनी मोबाइल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि सहा आकडे अशा खड्या आवाजात म्हटले की दुकानातल्या वीस-बावीस जणांबरोबर रस्त्यापलीकडच्या पानठेलेवाल्यालाही ते पाठ व्हावेत. मेसेजच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, हा क्रमांक कोणालाही सांगू नका. काकाजींनी तीही ओळ वाचून दाखवली. तितक्याच मोठ्यानं.

अंजनगाव सुर्जीच्या बाजारातलं हे झेरॉक्सचं दुकान. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, पासपोर्ट फोटो आणि रेल्वे तिकीट एवढं सगळं लिहिलेलं. आमच्या गावावरून जाणारी शकुंतला रेल्वे कित्येक वर्षांपासून बंद आहे, त्यामुळं इथं रेल्वेचं तिकीट मिळतं, रेल्वे मिळत नाही. मी काका-काकूंना घेऊन आलो होतो ते लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी. २०२४ पासून महिन्याला दीड हजार रुपये येतात. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारनं सांगितलं की पुढचे हप्ते हवे असतील तर आधारची पडताळणी करा. आधी बहिणीचा ओटीपी, मग तिच्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा. काकूचे वडील जाऊन तीस वर्षं झाली. म्हणून काकाजी आज 'नवऱ्याचा ओटीपी' या पदावर हजर होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, हा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

दुकानदार पोरगा चपळ. आकडे टाकले, एका चौकोनावर टिचकी मारली, पुढं गेला. मी विचारलं, "अरे, त्या चौकोनात काय लिहिलं होतं?"

"काही नाही भाऊ. 'मी सहमत आहे.'"

"कशाला सहमत?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी बसमध्ये चढून कंडक्टरला डिझेलचा भाव विचारला होता. "वाचत बसलो तं सर्व्हर जाते जी. मागं लाइन पाह्यली का?"

मागं लाइन होतीच. तिच्यातल्या एकाही बाईला सहमत आहात का, असं कोणी विचारलेलं नव्हतं आणि विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

सहमतीचं हे तंत्र आमच्या गावाला नवीन नाही. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. शाळेच्या इतिहासात गावाचं नाव एवढ्याच एका ओळीपुरतं येतं आणि ती ओळ आली की सारा वर्ग ताठ बसायचा. आपण जिंकलो होतो की हरलो होतो, हे गुरुजी पुढच्या तासाला सांगायचे. सप्टेंबरात असईची लढाई गेली, नोव्हेंबरच्या अखेरीस अडगावची गेली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ तारखेला नागपूरकर भोसल्यांनी देवगावात सही केली आणि त्यानंतर तेरा दिवसांनी शिंद्यांनी आमच्याकडं. समोर होता आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला गाठलं. पण आधी सराव वऱ्हाडात केला. गंगा-यमुनेचा दोआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला, सगळं देऊन शिंद्यांनी कागदावर लिहून दिलं की मी सहमत आहे. 'नंतर आठवण करून द्या' हे बटण तेव्हा निघालेलं नव्हतं.

तरी त्या तहाची एक गोष्ट मला मोठी वाटते. शिंद्यांच्या बाजूनं विठ्ठल महादेवांसारखे मुत्सद्दी बसले होते. कलमं वाचली गेली, त्यांवर घासाघीस झाली, आपण काय गमावतोय ते गमावणाऱ्याला ठाऊक होतं. मी मोबाइलमध्ये टॉर्चचं ॲप घेतलं तेव्हा त्यानं माझे फोननंबर, फोटो आणि माझं ठिकाण मागितलं. अंधारात विळ्या-कोयत्यावर पाय पडेल या भीतीनं मी तिन्ही दिलं. दौलतरावांना निदान तीन लढाया हराव्या लागल्या होत्या. मी लाइट गेली एवढ्यावर शरण गेलो.

आणि प्लॅटफॉर्म म्हणाल, तर तोही आम्हाला जुनाच. शकुंतलेचे रूळ आमच्या वावरांना लागून गेले, त्यांवरून कापूस आमचा गेला, डब्यात कोंबडीसह माणसं आमची बसली. पण रूळ होते विलायती कंपनीचे आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं रेल्वे त्या कंपनीला पैसे मोजत राहिली. माल आपला, रूळ दुसऱ्याचे. फेसबुक निघालं तेव्हा मूर्तिजापूर ते अचलपूर पट्ट्यातल्या माणसाला काही नवल वाटायचं कारण नव्हतं.

काकूचं पान फिरत होतं म्हणून मी दुकानाच्या कॉम्प्युटरकडं नजर टाकली. डेस्कटॉपवर आकाश दिसायला जागा नव्हती. 'आधार', 'आधार न्यू', 'आधार न्यू न्यू', 'काकू फायनल', 'काकू फायनल खरं', 'मास्तर पेन्शन', 'जावई'. गावातली निम्मी माणसं त्या पडद्यावर ओळीनं मांडून ठेवलेली. उरलेली निम्मी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर, कारण प्रिंट काढायची तर "आपल्या नंबरवर टाका" एवढंच सांगायची पद्धत आहे. अंजनगावची जनगणना करायला सरकारनं प्रगणक कशाला नेमावेत, या पोराच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला की काम झालं.

बिघडलेल्या झेरॉक्सचं काय होतं, तेही सांगतो. तिची एक बाजू कोरी असते आणि आमच्याकडं कोरी बाजू कोणी वाया घालवत नाही. परवा मी चौकात आलुबोंडा खाल्ला. बोंडा संपल्यावर तेलात भिजलेला कागद उजेडात पारदर्शक झाला आणि खालून एका सद्गृहस्थांचा उत्पन्नाचा दाखला उमटला. गृहस्थ ओळखीचे. दाखल्यावरचं वर्षाचं उत्पन्न वाचून डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती हेही खरं. एवढ्याशा उत्पन्नात माणूस दोन मजली घर आणि नवा ट्रॅक्टर कसा काढतो, हे त्यांना विचारावं म्हणून मी कागद जपून ठेवणार होतो. पण हात पुसायला दुसरं काही नव्हतं.

आधारची गोष्ट सुरू झाली तीही महाराष्ट्रातच. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पुढं आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सुप्रीम कोर्टात गेले आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. नऊ जणांचं एकमत! आमच्या घरी चार जणांचं भाजीवर होत नाही. ती बातमी वाचून मी एवढा भारावलो की गॅसच्या कनेक्शनसाठी 'मास्क्ड' आधार घेऊन गेलो. हा सरकारमान्य प्रकार आहे. पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. काउंटरवरच्या माणसानं तो कागद उलटसुलट केला.

"हे काय फुल्या-फुल्या? काही वाईट लिहिलं हाय का याच्यात?"

त्याला तरी काय बोलणार? २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानंच पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, मास्क्ड वापरा. लोकांची अशी घाबरगुंडी उडाली की दोन दिवसांत पत्रक मागं घेतलं आणि नेहमीचं शहाणपण वापरा, असं सांगितलं. आमचं नेहमीचं शहाणपण म्हणजे पाच झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवणं.

आता मात्र खास कायदा आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मोठ्या जबाबदाऱ्या पाळायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. (आम्हाला ई-केवायसीला आधी दोनच महिने मिळाले होते. असो.) काकूचं पान अजून फिरतच होतं म्हणून मी काका-काकूंना तो कायदा समजावून सांगायला घेतला. ज्याची माहिती घेतली जाते त्याला कायद्यात 'डेटा प्रिन्सिपल' म्हणतात. शाळेत मी प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर अंगठे धरून उभा असायचो; आता मीच प्रिन्सिपल. आपली माहिती कशासाठी घेता ते आपल्याला समजेल अशा भाषेत सांगावं लागेल, इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही. (वऱ्हाडी त्या यादीत नाही.) दिलेली संमती परत घेता येईल. माहिती खोडायला सांगता येईल. माहिती सांभाळण्यात मोठी कसूर झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड.

"अडीचशे कोटी कोणाले भेटतीन?" काकाजींनी विचारलं.

"सरकारला."

त्यांचा कायद्यातला रस तिथंच निम्मा झाला. मग मी सांगितलं की आपण गेल्यावर हे हक्क बजावायला वारसही नेमता येतो.

"वावराचा फेरफार अजून होऊन नाही राह्यला," काकाजी म्हणाले. "डेटाचा तलाठी कोण हाय?"

मी शेवटचं पान टाकलं. म्हटलं, काकू, या कायद्याची एक गंमत ऐक. आपल्याकडच्या कायद्यांत माणसासाठी नेहमी 'तो' लिहितात. या कायद्यात पहिल्यांदाच सगळीकडं 'ती' लिहिलंय. पुरुष असो, बाई असो, कायद्याच्या लेखी 'ती'च.

काकूनं पदर सावरला. "मंग ओटीपी नवऱ्याचा कायले लागते?"

दुकानात क्षणभर फक्त पंखा ऐकू आला.

तर असा कायदा. पण अंजनगावात बसून तो वाचला की लक्षात येतं, तो आपल्याला सोडून बाकी सगळ्यांसाठी आहे. घरगुती वा वैयक्तिक कामासाठी माणसानं हाताळलेली माहिती त्याच्याबाहेर. म्हणजे ओट्यावरच्या संध्याकाळच्या बैठकीला पूर्ण सूट. कागदावरची माहिती जोवर कागदावरच राहते तोवर तीही बाहेर, म्हणजे आलुबोंडा निर्दोष. आणि माणसानं स्वतःहून जगजाहीर केलेली माहितीही बाहेर. इथं तर आमचं गाव अख्खं सुटलं. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर उत्सवमूर्तीचा गॉगल घातलेला फोटो, जन्मतारीख, टोपणनाव, मोबाइल नंबर आणि खाली शुभेच्छुक म्हणून चाळीस जणांचे चेहरे नावांसकट. एवढी माहिती गोळा करायला परदेशात म्हणे हेर ठेवावे लागतात. इथं ती दहा बाय वीस फुटांत, वर शुभेच्छांसह.

खासगीपण हा शब्द आमच्याकडं तसाही उशिरा आला. मी लहान असताना गावची सगळी माहिती एकाच जागी साठवलेली असे, ती म्हणजे पानठेला. पानमळ्यांचं आणि पानपिंपरीचं गाव हे. ठेल्यावर न थांबता कोणी पुढं जात नसे. दुसऱ्या गावचे पाहुणे सोयरीक घेऊन आले की आधी मुलाच्या घरी न जाता ठेल्यावर थांबत. पान सांगत आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "अमक्याचा पोरगा कसा हाय जी?" ठेलेवाला आधी चुना लावायचा, मग कात, मग सुपारी कातरायची. सगळा निकाल त्या सुपारीच्या वेळेत. पोरगा चांगला असला तर अडकित्ता थांबायचा नाही. "बरा हाय नं, कष्टाळू हाय." भानगड असली तर अडकित्ता थांबे, ठेलेवाला लांब रस्त्याकडं पाही आणि म्हणे, "बरा... हाय." तेवढ्या अंतरावर लग्नं मोडली आहेत. बँकांना सिबिलचा तीन आकडी स्कोअर लागतो. आमच्याकडं दोन शब्दांमधली जागा पुरत असे.

पण ठेलेवाल्याला सकाळी त्याच रस्त्यावर दुकान उघडायचं असे. त्यानं चुकीचं सांगितलं तर मुलाचा बाप संध्याकाळी समोर उभा राही, तोही पान खायलाच. म्हणून ठेलेवाल्याला जेवढं ठाऊक असे त्याच्या चौथाईही तो बोलत नसे. कोणाची उधारी किती, कोण कोणाच्या वावरातून रात्री पाणी घेतं, कोणाची पोरगी कोणासाठी ठेल्यासमोरून दोनदा गेली, सगळं पोटात. आता माझं सगळं ज्याच्या पोटात आहे त्याचं दुकान कुठल्या रस्त्यावर आहे, हेच ठाऊक नाही. संध्याकाळी जायचं कुठं?

आमच्या आबाजींनी मात्र वाट काढली. त्यांनी एकदा मोबाइलवर मोटारपंपाच्या कर्जाची चौकशी केली होती, तेव्हापासून कुठल्याशा कंपनीचे रोज फोन. मी डीएनडी लावलं, १९०९ ला मेसेज केले, काही फरक पडला नाही. मग एका दुपारी आबाजींनी स्वतः फोन उचलला.

"सर, आपके लिए प्री-अप्रूव्ड लोन है."

"बेटा, लोन का बाद में देखेंगे. तुम कौनसे गाव के?"

तिनं सांगितलं. मग वडील काय करतात, भाऊ-बहीण किती, कोरडवाहू की ओलीत, पगार वेळेवर होतो का, जेवलीस का. चाळीस मिनिटं. तिच्या आईचे गुडघे दुखतात, हे आबाजींनी काढून घेतलं. त्यावर निरगुडीचा पाला कसा शेकायचा, ते वऱ्हाडी हिंदीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांची चौकशी करायला त्यांनी उलट फोन लावला, तो लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीचा आला. आबाजींनी कर्जाबद्दल एक शब्द न ऐकता पहिलीची खुशाली विचारली आणि मग हिची वंशावळ घेतली. आठवड्याभरात त्या कंपनीचे फोन कायमचे बंद झाले. माझा अंदाज आहे, त्यांनीच आबाजींचा नंबर ब्लॉक केला असावा. आबाजी अजून अधूनमधून म्हणतात, "त्या पोरीच्या मायचे गुडघे राह्यले का काय झालं?"

सगळेच इतके सुदैवी नसतात. हल्ली लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर येते आणि फाइलच्या नावापुढं 'एपीके' असं शेपूट असलं की समजावं, लग्न आपल्या बँक खात्याचं आहे. पण वऱ्हाडात पत्रिका न उघडणं म्हणजे केवढा गुन्हा! उघडली तर पैसे जातात, नाही उघडली तर माणसं जातात. आमच्या मामाजींना दर्यापूरहून सख्ख्या साळ्याची पत्रिका आली. मामाजींनी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलेला. त्यांनी सावधपणे साळ्याला फोन लावला. आधी तेव्हा वाजणारी अमिताभ बच्चनच्या आवाजातली सूचना पूर्ण ऐकली, मग विचारलं, "तुह्या पोरीचं लग्न खरंच हाय का?"

साळा गेल्या उन्हाळ्यापासून बोलत नाही. मंडपात मामाजींना टोपी-शेलाही मिळाला नाही. त्यांच्या खात्यातले पैसे मात्र शाबूत आहेत, असं ते स्वतःच सांगतात आणि मामी दुसरीकडं पाहते. घरच्या ग्रुपवर त्यावरून जे रण पेटलं त्यात ॲडमिन म्हणून मीही भाजलो. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलंय की सदस्यानं काही भलतंसलतं टाकलं म्हणून ॲडमिनला दोषी धरता येत नाही. मी तो निकाल ग्रुपवर टाकला. त्याखाली दोन अंगठे आले आणि एक 'शुभ सकाळ'.

काकूची ई-केवायसी एकदाची झाली. हिरवी खूण आली, काकूनं पडद्याला हात जोडले. आता मला राहवेना. एवढा कायदा सांगून झाल्यावर एक तरी हक्क बजावायलाच हवा होता. मी दुकानदाराला म्हटलं, "आमच्या सगळ्या फाइली डिलीट कर. आत्ता. माझ्यासमोर."

पोरगा म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, कामी येतीन."

"नको. हक्क आहे."

त्यानं 'काकू फायनल' उडवली, 'काकू फायनल खरं' उडवली, माझं पॅन उडवलं. व्हॉट्सॲपवरचंही पुसलं. रांगेतल्या बायका माझ्याकडं आदरानं पाहत होत्या, की काय झालं याला म्हणून पाहत होत्या, ते नीट कळलं नाही. मी ताठ मानेनं बाहेर पडलो.

तीन दिवसांनी काकूच्या बँकेतून फोन आला, पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, कागद घेऊन या. काकूचं मूळ आधार कार्ड घरात कुठं होतं, ते फक्त काकूला ठाऊक होतं आणि तीही विसरली होती. लॅमिनेशन केलेलं कार्ड पोळ्यांच्या डब्यावर झाकण म्हणून होतं, असा एक पुरावा मिळाला. डबा मिळाला नाही. मी मान खाली घालून दुकानात गेलो.

"ते... काकूचं आधार..."

पोरगा हसला नाही, एवढी त्याची सभ्यता. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली उघडली. आत काकू होती, काकाजी होते, मी होतो, मास्तरांची पेन्शन होती, कोणाचा तरी जावई होता. वर्षानुवर्षांत डिलीट केलेलं सगळं गाव तिथं सुखरूप होतं.

"टोपली कधी रिकामी करत नाहीस?"

"कायले करू? सगळे परत येतेत जी."

प्रिंट काढली. पाच रुपये झाले. मी क्यूआर कोडवर पैसे टाकले आणि काउंटरवरच्या डब्यानं साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा शुद्ध मराठीत जाहीर केलं की पाच रुपये मिळाले.

रस्त्यापलीकडून पानठेलेवाल्यानं मान वर केली. "काऊन भाऊ, आज पाचच? परवा तं साठचे झाले होते."

अडकित्ता थांबला होता.